वीज कोठून येते?
(परिसर अभ्यास व भूगोल : इयत्ता पाचवी ते सातवीसाठी एक पाठ)

घराघरांतून, शाळांतून व शेतांतून आज वीज वापरली जाते. बटन दाबले की दिवा लागतो, हे मुलाने जन्मापासून पाहिलेले असते. जी वस्तू रोज व विनासायास मिळते, तिच्याविषयी कुतूहल उरत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून "वीज कोठून येते?" असा प्रश्न वर्गात टाकला असता "तारेतून", "डीपीतून" किंवा "खांबावरून" अशीच उत्तरे बहुधा मिळतात. ती चुकीची नाहीत, अपुरी आहेत. तारेच्या दुसऱ्या टोकाशी काय आहे, हे मुलाला ठाऊक नसते.

हा पाठ शिकविताना केंद्रांची नावे व त्यांची जिल्हावार यादी पाठ करून घेण्याकडे शिक्षकाचा कल होतो. यादी परीक्षेपुरती टिकते आणि परीक्षेबरोबर जाते. यास्तव या पाठात एकच विचार मध्यवर्ती ठेवावा : विजेच्या प्रत्येक युनिटासाठी कोठेतरी, त्याच क्षणी, काहीतरी खर्च होत असते. कोठे पाणी उतरते, कोठे कोळसा जळतो, कोठे कोणाची जमीन दिली गेलेली असते. हा खर्च कोणता, तो कोठे होतो व तो कोण सोसतो, हे मुलास आपल्या घरातील दिव्यापासून शोधीत जाता आले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.

पूर्वतयारी

महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा, सायकलचा एक जुना डायनामो, त्याचा छोटा दिवा व दोन तारा एवढे साहित्य पुरे आहे. डायनामो सायकल दुरुस्तीच्या दुकानात जुन्या सामानात मिळण्याजोगा असतो. न मिळाल्यास मोडक्या खेळण्यातील लहान मोटर घ्यावी व तिच्या आसाला दोरा गुंडाळून तो ओढावा. मोटर फिरविली असता तीही वीज देते व बारीक एलईडी दिवा क्षणभर लागतो. एलईडी दिवा एकाच दिशेने लागतो. तो न लागल्यास तारांची अदलाबदल करावी.

एक सूचना कटाक्षाने पाळावी. या प्रयोगातील कोणतीही तार भिंतीवरील विजेच्या जोडणीस कदापि लावू नये व मुलांस लावू देऊ नये. डायनामोची वीज खेळण्याइतकी सौम्य असते, भिंतीवरील वीज प्राणघातक असते. हा भेद प्रयोगापूर्वीच सांगावा.

प्रस्तावना

सायकल उलटी उभी करून डायनामो चाकास टेकवावा. प्रथम दिव्याची तार सोडून ठेवावी व एका मुलास हाताने पेडल फिरविण्यास सांगावे. नंतर चाक फिरत असतानाच तार जोडावी. मग पुढीलप्रमाणे प्रश्नोत्तरे होतील.

शि. : तार जोडल्यावर काय झाले?
वि. : दिवा लागला.
शि. : (पेडल फिरविणाऱ्या मुलास) तुझ्या हाताला काय वाटले?
वि. : गुरुजी, चाक जड झाले.
शि. : दिवा तर तिकडे लागला, मग तुझ्या हाताला का जड वाटावे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने घाईने देऊ नये. आणखी दोघातिघांना पेडल फिरवू द्यावे. दिवा लागला की हातावर भार येतो, हे प्रत्येकाच्या हाताला कळू द्यावे. विहिरीवरील मोट रिकामी असताना बैल सहज चालतात व भरलेली मोट वर येऊ लागली की त्यांना जोर करावा लागतो. मोट आज फारशी दिसत नसली तरी घरातील वडीलधाऱ्यांकडून मुलांनी तिच्याविषयी ऐकलेले असते. त्याच न्यायाने, दिव्याचा प्रकाश हा फिरविणाऱ्याच्या श्रमातून आलेला आहे, हे येथे स्पष्ट करावे.

डायनामोत चुंबक व तारेचे वेटोळे असते. वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधून काढले. मोठमोठ्या विद्युत्‌केंद्रांतूनही बहुतांशी हेच चालते. तेथे फरक फिरविणाऱ्याचा असतो. मुलाच्या हाताऐवजी तेथे उंचावरून पडणारे पाणी, कोंडलेली वाफ किंवा वारा चक्र फिरवितो. या चक्रास टर्बाइन म्हणतात. महाराष्ट्रात हे चक्र कोठे, कोण व कशाच्या बळावर फिरवितो, हे आता पाहावयाचे आहे, असे सांगून मूळ विषयास हात घालावा.

विषयविवेचन

(१) घाटमाथ्याचे पाणी. नकाशावर सह्याद्रीची रांग दाखवावी. तिच्या माथ्यावर पाऊस मुबलक पडतो. माथ्यावर पडलेले बरेचसे पाणी मात्र पूर्वेकडे, भीमा व कृष्णा यांच्या खोऱ्यांतून, मंद उताराने बंगालच्या उपसागराकडे जाते. याउलट पश्चिमेस कोकणाकडे कडा एकदम तुटलेला आहे. पूर्वेकडे जाणारे पाणी माथ्यावरच अडवून, बोगद्यातून व नळांतून पश्चिमेस खाली सोडले, तर थोड्या अंतरात शेकडो मीटर उंचीचा उतार मिळतो. महाराष्ट्रातील मोठ्या जलविद्युत् केंद्रांची कल्पना या एका भौगोलिक वस्तुस्थितीवर उभी आहे.

या कल्पनेचा पाठपुरावा जमशेटजी टाटा यांनी केला. ते १९०४ साली निधन पावले व त्यांच्यामागे १९१० साली कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याजवळच्या वळवण, शिरवटा आदी तलावांतील पाणी खाली खोपोलीस उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा ही केंद्रे सुरू झाली. तिन्ही केंद्रे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत व शंभर वर्षांच्या आसपास होऊनही ती चालू आहेत. चक्र फिरवून झालेले पाणी खोपोलीस पाताळगंगेत, भिवपुरीस उल्हास नदीत व भिऱ्यास कुंडलिकेत सोडले जाते. तेथून ते कोकणातील गावांस व कारखान्यांस उपयोगी पडते.

याहून फार मोठा प्रकल्प कोयनेचा होय. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले व त्यामागे शिवसागर जलाशय निर्माण झाला. जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याने पश्चिमेस नेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात पोफळी येथे डोंगराच्या आत, भूगर्भात, विद्युत्‌गृह आहे. १९६२ साली तेथे प्रथम वीज निर्माण झाली. पोफळीचे पाणी पुढे कोळकेवाडी येथे पुन्हा अडवून दुसऱ्यांदा वापरले जाते व शेवटी वाशिष्ठी नदीस मिळते. कोयनेच्या टप्प्यांचा तक्ता फळ्यावर असा लिहावा :

पहिला व दुसरा टप्पा (पोफळी) : ६०० मेगावॅट
तिसरा टप्पा (कोळकेवाडी) : ३२० मेगावॅट
चौथा टप्पा : १००० मेगावॅट
धरणाच्या पायथ्याचे केंद्र : ४० मेगावॅट
एकूण : १९६० मेगावॅट

चौथ्या टप्प्याची एक हकिगत मुलांस फार आवडेल. भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा खोदीत आणला. शेवटी मध्ये खडकाचा एक पडदा तेवढा राहिला. तो सुरुंगाने उडवून जलाशयाचे पाणी बोगद्यात घेतले गेले. १३ मार्च १९९९ रोजी हा प्रयोग झाला व २५ एप्रिल २०१२ रोजी दुसऱ्यांदा झाला. जलाशय रिकामा न करता त्यास तळाशी छिद्र पाडण्याचे हे कौशल्य आपल्या अभियंत्यांनी व बोगद्यातील कामगारांनी दाखविले.

सर्वच जलविद्युत् केंद्रे पाणी पश्चिमेकडे वळवीत नाहीत. भाटघर, वीर, राधानगरी अशा धरणांच्या पायथ्याशी लहान केंद्रे आहेत. तेथे चक्र फिरवून बाहेर पडलेले पाणी त्याच खोऱ्यात राहते व पुढे शेतीस मिळते. हा भेद मुलांच्या लक्षात आणून द्यावा. पुढे त्याचे महत्त्व कळून येईल.

(२) विदर्भाचा कोळसा. महाराष्ट्राच्या पूर्व भागात, वर्धा नदीच्या खोऱ्यात व नागपूरच्या आसपास, दगडी कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची व त्या वाफेच्या जोराने चक्र फिरवावयाचे, ही औष्णिक केंद्राची रीत. चुलीवरील भांड्याचे झाकण वाफेने उडते, हे उदाहरण येथे द्यावे. खाणी जवळ असल्यामुळे चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथे मोठी केंद्रे उभी राहिली. पारस (अकोला), भुसावळजवळील दीपनगर (जळगाव), परळी (बीड) व एकलहरे (नाशिक) येथील केंद्रांकडे कोळसा रेल्वेने जातो. ही सर्व केंद्रे राज्य शासनाच्या महानिर्मिती कंपनीची आहेत. त्यांपैकी चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॅट आहे. याशिवाय केंद्र शासनाच्या कंपनीची मौदा व सोलापूर येथे, तर खाजगी कंपन्यांची तिरोडा (गोंदिया), जयगड (रत्नागिरी), डहाणू, तुर्भे आदी ठिकाणी केंद्रे आहेत. तिरोड्याची क्षमता ३३०० मेगावॅट आहे.

येथे नकाशाकडे पुन्हा लक्ष वेधावे. कोळसा पूर्व टोकास व विजेची मोठी मागणी मुंबई-पुण्याकडे, पश्चिम टोकास आहे. "कोळसा पश्चिमेस न्यावा की वीज न्यावी?" असा प्रश्न मुलांस विचारावा. दोन्ही केले जाते, हे उत्तर त्यांना नकाशावरूनच सापडेल.

(३) अणुशक्ती व वायू. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे भारतातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ साली सुरू झाले. येथेही वाफच चक्र फिरविते. ती वाफ कोळशाच्या ज्वाळेने होत नाही, युरेनियम धातूच्या अणूंचे विभाजन होताना निघणाऱ्या उष्णतेने होते. वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरले जाते, म्हणून केंद्र किनाऱ्यावर आहे. २००५ व २००६ साली तेथे प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. उरण येथे नैसर्गिक वायूवर चालणारे केंद्र आहे.

(४) वारा, ऊन व उसाचे चिपाड. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर, तसेच धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांना पावसाळ्याच्या महिन्यांत जोराचा वारा मिळतो. साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून वीज करतात. ही वीज मुख्यत्वे गळीत हंगामात मिळते. सूर्यप्रकाशापासून होणारी वीज ही या सर्वांहून निराळी आहे. सौर पट्टीत फिरणारे चक्र नसते, प्रकाश पडताच तिच्यात सरळ विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचे १२५ मेगावॅटचे सौर केंद्र आहे. शेतीपंपांस दिवसा वीज मिळावी या हेतूने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. तीखाली गावांच्या परिसरात लहान सौर केंद्रे उभारली जात आहेत. आपल्या शिवारात असे केंद्र असल्यास वर्ग तेथे अवश्य न्यावा.

(५) विजेची वेळ. धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी रांजणात साठविता येते. विजेचे तसे नाही. ज्या क्षणी ती लागते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. सायंकाळी सर्व घरांतून दिवे लागतात, तेव्हा सर्व केंद्रांच्या चक्रांवर एकदम भार पडतो, जसा डायनामो फिरविणाऱ्या मुलाच्या हातावर पडला तसा. त्या वेळी निर्मिती वाढली नाही, तर चक्रे मंदावतात व काही भागांचा पुरवठा बंद करण्याची पाळी येते.

कोळशाचे थंड केंद्र चालू करावयास कित्येक तास लागतात. पाण्याचे केंद्र काही मिनिटांत चालू होते. म्हणून कोयनेचे पाणी मुख्यत्वे गर्दीच्या वेळेसाठी राखून वापरतात. सौर वीज दुपारी भरपूर असते व सायंकाळी, नेमकी गरज वाढते तेव्हा, मावळते. यावर एक उपाय म्हणजे वीज विपुल असताना खालचे पाणी वर चढवून ठेवावे व गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करावी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात घाटघर येथे असे २५० मेगावॅटचे केंद्र २००८ सालापासून आहे. त्याचा वरचा तलाव घाटमाथ्यावर व खालचा शहापूर तालुक्यात आहे. पाणी वर चढविण्यास जितकी वीज लागते तितकी ते उतरताना परत मिळत नाही, काही वाया जाते. तरीही हवी त्या वेळी मिळणारी वीज मोलाची असते.

शेतीपंपांस अनेक वर्षे पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज दिली गेली, त्यामागेही मागणी दिवसभरात विभागण्याचेच कारण आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी देण्यास जाणारा आपला बाप मुलाने पाहिलेला असतो. त्या अंधारातील विंचवासापाची भीतीही त्यास ठाऊक असते. त्या अनुभवाचा व राज्याच्या विद्युत्‌व्यवस्थेचा हा संबंध दाखविला, म्हणजे पाठ मुलाच्या घरापर्यंत पोचतो.

(६) तारेचा प्रवास. तारेतून प्रवाह जाताना तार तापते व तेवढी वीज वाया जाते. प्रवाह दहापट कमी केला, तर ही हानी शंभरपट कमी होते. म्हणून केंद्रातून निघालेल्या विजेचा दाब फार वाढवितात, त्यामुळे प्रवाह कमी होतो. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची एक वाहिनी पाच लाख व्होल्ट दाबाने वीज आणते. गावाकडे येताना हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवितात. गावाच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे ज्यास आपण डीपी म्हणतो तेथपर्यंत, तो बहुधा अकरा हजार व्होल्ट असतो व घरात २३० व्होल्ट होतो. डीपीस, खांबास व त्याच्या ताणतारेस हात लावू नये आणि तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, ही ताकीद येथे सकारण द्यावी. कारण कळलेली ताकीद मूल अधिक पाळते.

राज्याचा वीज पुरवठा पाहण्यासाठी १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, वहनासाठी महापारेषण व वाटपासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. गावातील वायरमन यांपैकी कोणत्या कंपनीचा, हे मुलांनीच ओळखावे.

खर्चाची बाजू

येथवर लाभ सांगून झाला. पाठ येथेच संपविला, तर तो अर्धाच राहील. विजेसाठी कोणी काय दिले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मुळशीचे धरण बांधले जात असता, आपल्या वडिलार्जित भातशेतीवर पाणी येणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले व याच लढ्यापासून ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झाले, गावे बुडाली व त्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र चालू लागले. कोयनेच्या जलाशयामुळे सुमारे शंभर गावांना झळ पोचली. तेथील कित्येक कुटुंबांस दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन वसावे लागले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. कोयनेचे धरण त्यापूर्वीच पूर्ण झालेले होते. ज्यांनी आधी दिले त्यांना कायद्याचे पाठबळ नंतर आले, हा क्रम सनावळीवरून मुलांसही दिसू शकेल. तारापूरला नव्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसरात तीव्र भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसे दगावली व हजारो बेघर झाली. मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा अशा भूकंपाशी संबंध असतो, असे शास्त्रज्ञांचे मत या घटनेच्या अभ्यासातून दृढ झाले. पुढे धरण बळकट करण्यात आले व ते आजही कार्य करीत आहे.

कोळशाचा खर्च वेगळा आहे. आपल्याकडील कोळशात राख फार असते, जळालेल्या कोळशाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी राख उरते. ती साठवावयास जमीन लागते व नीट न साठविल्यास ती हवेत व पाण्यात जाते. तिचा सिमेंट व विटा करण्याकडे उपयोग होतो. औष्णिक केंद्रास पाणीही लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोराडीच्या केंद्रासाठी नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरले जाते, हा या अडचणीवर शोधलेला एक मार्ग होय.

सर्वांत अवघड प्रश्न घाटमाथ्याच्या पाण्याचा आहे. पश्चिमेस सोडलेले पाणी वीज देते व कोकणास मिळते. तेच पाणी पूर्वेस जाते, तर भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातील कोरड्या तालुक्यांस मिळते. एकच पाणी दोन्हीकडे जाऊ शकत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून वर्षाला पश्चिमेस किती पाणी सोडावे याची मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवून दिली आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दुष्काळाच्या वर्षी या पाण्यावरून वाद होतो. दोन्ही बाजूंची गरज खरी असते. शिक्षकाने येथे निकाल देण्याच्या भरीस पडू नये. वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने सायंकाळच्या विजेची व दुसऱ्याने पूर्वेकडील शेताची बाजू मांडावी, मग गटांनी बाजू बदलाव्यात. आपली नसलेली बाजू प्रामाणिकपणे मांडता येणे, हे नागरिकशास्त्राचे मोठे शिक्षण आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. वर्गात प्रकल्पग्रस्त कुटुंबातील मुले असतील, तर त्यांना उदाहरण म्हणून उभे करू नये. त्यांच्या आजी-आजोबांना स्वतःहून सांगावेसे वाटले, तर त्यांस आदराने शाळेत बोलवावे व जुन्या गावाचे नाव, देऊळ, ओढा, पिके यांविषयी मुलांनी ऐकावे. बुडालेले गाव मुलांस नकाशावर दिसणार नाही. ते अशा बोलण्यातूनच कळेल.

गणिताची सांगड

हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. या दोन व्याख्यांवर पुढील गणिते घालावीत.

१. दहा वॅटचा दिवा एका युनिटात किती तास जळेल? (१०० तास) साठ वॅटचा जुना दिवा किती तास जळेल? (सुमारे १७ तास)

२. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे पावणेचार युनिटे घेतो. आठ तासांत किती युनिटे होतील? (३०)

३. पोफळीस पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरते. तेथे एक युनिटासाठी साधारण एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी उतरावे लागते. वरील पंपाच्या आठ तासांसाठी पोफळीस किती लिटर पाणी उतरेल? (सुमारे ३०,०००)

४. औष्णिक केंद्रात एका युनिटास सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने एक तास चालला, तर किती युनिटे होतील व किती कोळसा लागेल? (५ लाख युनिटे, सुमारे ३५० टन)

५. शाळेच्या वीजबिलावरून महिन्याची युनिटे काढा. ती सर्व कोळशाची मानल्यास किती किलो कोळसा जळाला व त्याची सुमारे किती किलो राख झाली?

पाचवे गणित वर्गात सामुदायिक रीतीने सोडवावे. उत्तर आल्यावर रिकाम्या वर्गातील चालू पंखा बंद करावयास वेगळा उपदेश लागणार नाही.

उपयोजन

मुलांकडून पुढील कामे करून घ्यावीत. (क) महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशावर पाण्याची केंद्रे निळ्या, कोळशाची काळ्या, अणूचे तांबड्या व वारा-उन्हाची पिवळ्या खडूने दाखवावीत. निळी टिंबे एका रांगेत का येतात, हे मुलांनी सांगावे. (ख) घरातील आजी-आजोबांस विचारून गावात वीज कोणत्या साली आली, प्रथम कोठे आली व त्यापूर्वी पीठ, पाणी व उजेड यांची सोय कशी होती, याची नोंद करावी. दळण कांडणाचे किती तास वाचले, हेही विचारावे, कारण विजेचा हा लाभ घरातील स्त्रियांस मोठा झाला. (ग) एक आठवडा घरातील मीटरचे आकडे रोज एकाच वेळी वाचून तक्ता करावा. (घ) गावात आकडा टाकून वीज घेतली जात असल्यास तिच्या चर्चेत कोणाचेही नाव घेऊ देऊ नये. त्या विजेचे पाणी व कोळसा कोणाच्या हिश्शाचे होते, एवढेच विचारावे.

पाठाच्या शेवटी प्रारंभीचाच प्रश्न पुन्हा विचारावा : वीज कोठून येते? एखादा मुलगा "कोयनेच्या पाण्यातून" म्हणेल, एखादी मुलगी "चंद्रपूरच्या कोळशातून" म्हणेल. दोघांचेही उत्तर स्वीकारावे, कारण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते व आपल्या दिव्यात कोणती आली हे वेगळे काढता येत नाही. त्या जाळ्यात खोपोलीचे शंभर वर्षांचे केंद्र आहे, बोगद्यात काम केलेल्या मजुराचे श्रम आहेत, मुळशीच्या शेतकऱ्याचे खाचर आहे व आपल्या शिवारातील सौर पट्टीही आहे. एवढी जाण ठेवून मुलाने बटन दाबले व काम संपताच ते बंद केले, म्हणजे या पाठासाठी दिलेल्या तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.